तोंडासमोरचा कागद

कार्डिफला ऑफिसातून घरी येताना वाटेत रग्बीचं मैदान लागतं. तिथे एक साठीचा अमेरिकन माणूस युनिव्हर्सिटीच्या टीमला अमेरिकन फुटबॉल शिकवायचा. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याच्यासाठी मी थांबायचो. सगळे त्याला कोच म्हणायचे, मीही तेच. पुढची चाल सांगताना तो हातातला चाली लिहिलेला, लॅमिनेट केलेला कागद तोंडासमोर धरायचा. साध्या प्रॅक्टिसलासुद्धा!

एकदा न राहवून विचारलं, "इथे कोणापासून लपवता?"

गुडघा चोळत तो म्हणाला, "सवय हो. तिकडे आधी हायस्कूलला कोच होतो, मग कॉलेजात. समोरच्या टीमचे लोक दुर्बीण लावून माझे ओठ वाचायचे. टीम हरायला लागली की नोकरी गेली, नवं गाव. बायको शेवटी शेवटी सामानाचे खोके उघडायचीच नाही."

"मग इथे निवांत आहे की."

"निवांतच," तो म्हणाला. "इथे मी ओरडून चाल सांगितली तरी कोणाला काय पडलंय?"

रविवारी मॅच होती. भुरभुर पावसात प्रेक्षक म्हणून मी आणि कुत्रा घेऊन आलेली एक बाई. चाल सांगायला त्याने कागद उचलला आणि सवयीने पलीकडे पाहिलं. तिकडचा कोच आमच्याकडे पाठ करून चहा पीत होता.

याने कागद खाली घेतला. बाक ओला होता. कागद त्यावर टाकून तो सावकाश त्यावरच बसला.