विळीला धार

राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली एक कारागीर बसतो. सुटलेली विळी, हलणारं खुरपं, सगळं लाख वितळवून बाभळीच्या लाकडात घट्ट बसवून देतो. ट्यूबमधल्या गोंदाचं नाव काढलं की बाजूला थुंकतो.

आईच्या वेळची विळी पाटातून निखळली म्हणून मी गेलो. त्यानं पातं नखानं वाजवून बघितलं आणि विचारलं, "पावणं, कापाय पायजे का टांगाय?"

"म्हणजे?"

"फ्लॅटवाली टांगाय नेत्यात की. तसल्या विळीला मी धार काढत न्हाय. भिंतीला कशाला लागती धार?"

मला रागच आला. "कापायला," मी ठणकावून सांगितलं.

त्यानं माझ्या पोटाकडं निवांत बघितलं. "व्हय, पर घरात खाली बसतंय कोण?"

त्यानं हसत हसत धार काढली.

विळी आता आमच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी टांगलेली आहे. परवा व्याही आले. आपली संस्कृती, आपली माती असं बोलत त्यांनी पात्यावरून प्रेमानं बोट फिरवलं.

दुरुस्तीनंतर विळीनं आजवर कापलंय ते तेवढंच.