ईराच्या ट्रकची अँटेना

आमची ईरा लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवते. वॉटफर्डच्या नणंदेला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे ऑफिसातून मॅनेज करते का?" नाही, चालवते. ट्रकच्या मागे जवळजवळ तेवढाच लांब ट्रेलर असतो आणि माल भरला की सगळं मिळून चव्वेचाळीस टन होतात. ईराची उंची पाच फूट एक इंच आहे.

ती लीड्समध्येच जन्मली, वाढली. सात वर्षं चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत होती. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना 'हे बरं दिसतं की ते' विचारायचा तिला इतका कंटाळा आला की एक दिवस नोकरी सोडून तिने जड वाहनांचं लायसन्स काढलं. आधी सुपरमार्केटचा माल पोचवला, मग गेल्या वर्षी नॉर्थम्बरलंडमधल्या जंगलाचं काम धरलं. आठवडाभर ट्रकच्या केबिनमध्येच झोपते आणि शुक्रवारी घरी येते. तिच्या हातांना डिंकाचा वास येतो, तो साबणाने जात नाही. "आई, माझा पाठ दुखतो, पण डोका नाही दुखत आता," असं तिने तिच्या मराठीत सांगितलं, तेव्हा मी वाद घालायचं सोडलं.

जंगलातला तो रस्ता तिने मला एकदा कागदावर काढून दाखवला होता. एकच गाडी मावेल इतका अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. मोबाइलला रेंज नाही. ठरावीक अंतरावर नंबरच्या पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीपाशी ड्रायव्हरने सीबी रेडिओवर सांगायचं, 'तीन नंबर, रिकामी, वर येतेय' किंवा 'पाच नंबर, भरलेली, खाली येतेय'. भरलेल्या गाडीला उतारावर पटकन थांबता येत नाही, म्हणून रिकाम्या गाडीने बाजूच्या मोकळ्या जागेत शिरून थांबायचं. दुसरी कुठली सोय नाही. समोरच्याला आपला आवाज ऐकू जाणं, एवढ्यावर तिचा जीव असतो.

फेब्रुवारीत कंपनीने तिला दुसरा ट्रक दिला. त्यात रेडिओ नव्हता. वर्कशॉपने दोन आठवडे लागतील म्हणून सांगितलं, तेव्हा ईराने परवानगी काढली, स्वतःच रेडिओ आणि अँटेना विकत घेतली आणि रविवारी आमच्या घराजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ट्रक उभा करून आम्हाला बोलावलं. पुरुषोत्तम, म्हणजे माझे यजमान, आयुष्यभर हॉस्पिटलची विजेची कामं बघत होते. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हातांना काम हवंच असतं.

अँटेना ट्रेलरच्या पुढच्या फळीवर लावू, तिथे उंची चांगली मिळेल, असं ते म्हणाले. ईरा हसली. ट्रेलर सोडून दुसरा जोडला की अँटेना गेली ना त्याच्याबरोबर, बाबा. शेवटी आरशाच्या दांड्यावर लावायचं ठरलं, टोक ओंडक्यांच्या वर राहील अशा बेताने. दांड्याचा रंग खरवडायचा, म्हणजे लोखंडाला लोखंड भिडतं. ट्रकची वीज चोवीस व्होल्टची आणि रेडिओला बारा लागते, म्हणून मध्ये एक डबी बसवायची. ते काम यांनी आधी उरकलं आणि रेडिओचा दिवा लागला. अँटेनाची वायर मात्र दाराच्या रबरातून आत येईना.

मी सकाळीच पंचांगाच्या ॲपवर लीड्सची वेळ बघून ठेवली होती. चार वाजता राहुकाळ लागत होता आणि चारला दहा कमी होते. नव्या गाडीत पहिला आवाज देवाचा जावा, एवढंच माझ्या मनात होतं. मी म्हणाले, वायर नंतर जोडा, आधी रेडिओत देवाचं नाव घेऊन टाकू.

"अहो आई, अजून कनेक्ट नाहीये," ईरा म्हणाली. ती चेष्टेत मला 'अहो आई' म्हणते.

"देवाला कशाला कनेक्शन लागतंय," हे म्हणाले, आणि माइक तिच्या हातून घेऊन मला दिला.

मी बटण दाबून धरलं आणि गणपतीचं स्तोत्र पूर्ण म्हटलं. दीड मिनिट लागलं असेल. माइक परत ठेवताना रेडिओची पाठ हाताला गरम लागली. मला वाटलं, चालू झाला म्हणून.

नंतर वायर आत आली आणि अँटेना जोडली. लगेच खरखर ऐकू आली, मग कुठल्याशा माणसाचं बोलणं, अगदी स्पष्ट. आम्ही तिघेही खूश झालो. ईराने 'माझा आवाज येतोय का' असं दोनदा विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. हे म्हणाले, शहरात आता कोण वापरतंय हे. अँटेना नीट जुळली आहे का हे दाखवणारा मीटर तिने मागवला होता, पण तो आला नव्हता. आल्यावर पुढच्या वीकएंडला बघू म्हणत ती सोमवारी पहाटे निघून गेली.

मीटर गुरुवारी सकाळी आला. पार्सल मी उघडलं आणि सवयीने आतलं माहितीपत्रक वाचायला घेतलं. पहिलीच सूचना ठळक अक्षरात होती. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, रेडिओचा बोलण्याचा भाग जळू शकतो. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की असं झालं तरी ऐकू येणं नेहमीसारखंच चालू राहतं, त्यामुळे बिघाड चटकन लक्षात येत नाही.

मी ते तीनदा वाचलं. पुरुषोत्तमांना वाचायला दिलं. ते म्हणाले, प्रत्येक वेळी जळतोच असं नाही.

ईराचा फोन लागला नाही. लागणारच नव्हता. तिच्या ऑफिसात फोन केला, तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि ईरा माल मोजायच्या वजनकाट्यावर आली की निरोप देते म्हणाली. ईरा किती वाजता येईल विचारलं तर म्हणाली, खरं म्हणजे आत्तापर्यंत यायला हवी होती.

दोन वाजून गेल्यावर ईराचा फोन आला. "आई, मी ठीक आहे," हे तिने आधी सांगितलं. त्यावरूनच मी समजले.

ती भरलेली गाडी घेऊन खाली येत होती. पाच नंबरला तिने सांगितलं. खालून अलेक नावाचा जुना ड्रायव्हर रिकामा वर येत होता, तो नुसतंच म्हणाला, तीन नंबर. तिला वाटलं, आपलं ऐकून तो तीनला थांबलाय आणि तेच सांगतोय. तो थांबला नव्हता. वळणावर दोघे समोरासमोर आले. अलेकने गाडी डोंगराच्या बाजूला चरात घातली. ईराचे ब्रेक लागले, पण मागचा ट्रेलर तिला ढकलत राहिला आणि आडवा फिरला. ओंडक्यांच्या टोकांनी अलेकची काच फोडली. तिच्या ट्रेलरचं मागचं एक चाक दरीवर अधांतरी राहिलं. अलेकच्या कपाळाला सहा टाके पडले.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या माणसाने तिला घरी आणून सोडलं. ती जेवली नाही. म्हणाली, अलेकने मॅनेजरला सांगितलंय की ईरा बोलली असणार, मलाच ऐकू आलं नाही. तो बासष्ट वर्षांचा आहे. आता त्याचे कान तपासणार आहेत आणि तोपर्यंत त्याला घरी बसवलंय.

तेव्हा मी माहितीपत्रक तिच्यासमोर ठेवलं आणि रविवारचं सांगितलं. तिने वाचलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने फक्त मोबाइल काढला, अलेकला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि म्हणाली, "तू सांग त्याला."

मी सांगितलं. राहुकाळ मला इंग्रजीत नीट समजावता आला नाही, नुसतं वाईट वेळ म्हणाले. शेवटी तो म्हणाला, म्हणजे माझे कान ठीक आहेत. मी माफी मागितली. तो म्हणाला, असू दे, माझी आईही गाडीत मेणबत्ती लावायची.

मग त्याने विचारलं, सोमवारपासून ईराने किती फेऱ्या केल्या. ती म्हणाली, बुधवारपर्यंत नऊ.

मग तो सांगू लागला. मंगळवारी धुकं होतं. चहा प्यावासा वाटला म्हणून मी चार नंबरच्या मोकळ्या जागेत शिरलो. थर्मासचं झाकण उघडतोय तोच धुक्यातून एक भरलेली गाडी न सांगता शेजारून खाली गेली. मला वाटलं, मला डुलकी लागली असेल, म्हणून मी कोणाला बोललो नाही. ती तू होतीस का?

"हो," ईरा म्हणाली. "मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी थांबलात. मी रेडिओवर थँक यू म्हटलं होतं."