साहेबबुवाचा नवस

कडेगावजवळच्या माळावरचा बंगला एका इंग्रज इंजिनिअरने उन्हाळ्यात राहायला म्हणून बांधला. साहेब गेला, मग तिथे खताची पोती राहिली, पुढे नुसती वटवाघळं. शेवटी सांगलीच्या एका शिक्षणसंस्थेने तो घेतला. आता खेड्यापाड्यातल्या मुलांची शिबिरं तिथे भरतात. मी तिथला शिक्षक, पण कारभार खरा लीलाबाईंचा. झाडलोट त्यांची, किल्ल्या त्यांच्या आणि दटावणीही त्यांचीच. आमचे विश्वस्त जिनदत्तअण्णासुद्धा त्यांच्या धाकाने चपला बाहेर काढतात.

मागच्या अंगणात शेंदूर फासलेला एक दगड होता, साहेबबुवा. खाली साहेबच पुरलाय, असं गाव धरून चाललेलं. लीलाबाई रोज त्याला पाणी घालायच्या, अमावस्येला नारळ फोडायच्या. नात संयोगिता सैन्यभरतीसाठी माळावर धावायला लागली, तेव्हा त्या बुवाला बोकडाचा नवस बोलल्या.

पोरगी निवडली गेली आणि आली का पंचाईत! संस्था जैन मंडळींची. आवारात अंडंसुद्धा चालत नाही.

“कुंपणाच्या भाईर करा की, कोण नको म्हंतंय?” अण्णा म्हणाले.

“आवं अण्णा, देव हितं आन् निवद तितं? साहेब माणूस त्यो, त्याला मटण लागणारच. नवस फिटल्याबिगर पोरगी गाव सोडणार न्हाई.”

सैन्याच्या प्रशिक्षणाला बेंगळुरूला हजर व्हायची तारीख तोंडावर आली, तरी आजी हटेना आणि आजीचा शब्द मोडायला संयोगिता धजेना. मला तर दोघींचाही राग यायला लागला होता.

अशात नवसाआधी बुवाला नवा शेंदूर हवा म्हणून लीलाबाईंनीच जुना खरवडला. खाली इंग्रजी अक्षरं निघाली. वाचायला मला बोलावलं, मागोमाग अण्णाही आले. मी वाचलं, फस्सकन हसलो आणि लगेच जीभ चावली.

“रोव्हर. आमचा इमानी कुत्रा,” मी मराठीत सांगितलं.

लीलाबाई मटकन खाली बसल्या. “म्हंजी इतकी वर्सं म्या कुत्र्याला नारळ फोडलं व्हय?”

अण्णांचा चेहरा मात्र खुलला. “खंडोबाच्या कुत्र्याला हात जोडता न्हवं? मग ह्येनं काय घोडं मारलंय? आन् कुत्र्याला दूध-भाकरी लय झाली!”

संयोगिता हसत सुटली. तिने आत जाऊन भाकरी थापली, अण्णांनी दूध मागवलं, शिबिरातली पोरं गोळा झाली. लीलाबाईंनी भाकरी दुधात कुस्करली, पण ताट काही दगडापुढे ठेवेनात.

“आज्जे, ठेव की. आता काय राहिलं?”

“काय न्हाई राहिलं, त्येच तर.” त्यांनी ताट पोटाशी धरलं. “बोकडाचं काय घिऊन बसलीस? तू जाणार म्हून आडून बसले व्हते मी. तुज्याबिगर मला करमायचं न्हाई गं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. संयोगिताने आजीचा हात धरला आणि दोघींनी मिळून ताट खाली टेकवलं.

“जा आता,” लीलाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या नातीची ट्रंक डोक्यावर घेऊनच. चांगली जड होती, पण फाटकापर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.