निळ्या खिशाचं दुपटं

मी आज जो काही आहे, तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला मी आक्का म्हणतो. आमचे आई-वडील दर हिवाळ्यात ऊसतोडीला कोपरगावकडे जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून आक्का चुलतीच्या आधारानं माझ्यासोबत गावात राहिली. माझ्या भाकरी थापताना तिची शाळा सातवीतच सुटली. मी मात्र घरातला पहिला पदवीधर झालो, आणि आता राहाता गावात मास्तर आहे.

यंदा मार्चात आक्काच्या लेकीला मुलगी झाली. लगेच आक्काचा फोन आला.

"बारशाला तुझ्या हातचं दुपटं पायजे. माझ्या डोळ्याला आता सुईचं भोक दिसंना."

"आक्का, इथल्या बाजारात इतकी छान मिळतात..."

"दुकानातलं आनू नको. नवं कापड लेकराला टोचतं. घरातलं जुनं घे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. येवढा शिकलास, सुईत दोरा ओवता यीना व्हय?"

फोन बंद. आक्कानं माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. दुपटं द्यायचंच होतं.

पण घरात जुनं कापड होतं कुठे? दिवाळीत बोहारीण आली आणि आमच्या जुन्या साड्या-चादरींचे तीन स्टीलचे डबे झाले.

"डब्यातच निजवा बाळाला," बायको म्हणाली. मग तिची नजर माळ्यावर गेली.

माळ्यावर माझी हॉस्टेलची गोधडी होती. कॉलेजला निघालो तेव्हा आक्कानं शिवून दिलेली.

"ती उसवायची? आक्काला काय वाटेल?"

"अहो, त्यापेक्षा मऊ कापड आहे का दुसरं तुमच्याकडे?"

नव्हतं. आक्काचे टाके एकेक करून उसवले. वरची साडी निघाली, आईचं लुगडं निघालं, आणि अगदी आत, नीट पसरून घातलेला एक निळा स्कर्ट. शाळेचा. दुमड दोनदा सोडून लांब केलेला, खिसा जिथल्या तिथे. शाळा सुटल्यावर इतकी वर्षं आक्कानं तो सांभाळला होता, आणि शेवटी माझ्या गोधडीत घातला. मी तीन वर्षं तो पांघरून झोपलो आणि मला पत्ता नव्हता.

फरशीवर थर अंथरले, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले आणि मधोमध बसून टाके घालू लागलो.

"अहो, कडेनं सुरू करा. मधे फुगे येतील."

आले. बायको म्हणाली, "हे दुपटं आहे की सह्याद्रीचा नकाशा?"

सगळं उसवून पुन्हा कडेनं घेतलं. दोन दिवसांनी शेवटची गाठ मारली, अभिमानानं उठलो, आणि दुपटंही माझ्याबरोबर उठलं. लुंगी शिवली गेली होती. बारसं उद्यावर आलेलं. बायकोनं कात्री आणली आणि दुपट्याला धक्का न लावता लुंगीच कापली.

माझी दहावीच्या परीक्षेची ड्युटी होती, म्हणून कामासाठी राहात्याला आलेल्या दाजींकडे दुपटं दिलं. फोनवर आक्का दोन वाक्यांत उरकते. पत्र मात्र सावकाश वाचते. म्हणून मोठं अक्षर काढून लिहिलं आणि त्या निळ्या खिशात ठेवलं:

"ती. आक्कास,

सा. न. तू दिलेली गोधडी मी उसवली. आधी विचारायचं धाडस झालं नाही. आत तुझा स्कर्ट सापडला. तो मी परत आत घातला नाही, वर लावलाय, खिशासकट. तुला तो झाकावासा वाटला तर सांग, येऊन वरून एक साडी शिवून देईन. आता टाके येतात मला. कोपऱ्यात चौकडीचा तुकडा आहे, तो माझ्या लुंगीचा. सगळ्यांसमोर विचारू नकोस.

बाळावर घालण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढ. पेपर संपले की येतो.

तुझा भाऊ"