बरडावरची माती

मी तोंडाची फटकळ आणि माझी सासू, म्हणजे आत्याबाई, हट्टाची. घरधनी ऊसतोडीला गेले की शेतावर आम्ही दोघीच, त्यामुळे वाद मिटवायला मध्ये कुणी नसायचं. सगळ्यात मोठा वाद झाला तो किन्हीराजा गावाच्या बाजूच्या टेकडीवरल्या आमच्या बरडावरून.

बरड म्हणजे उताराची मुरमाड जमीन. दरसाल तिथं सोयाबीन पेरायचं, पावसात माती वाहून खाली नाल्याच्या बांधाशी जमायची, आणि उन्हाळ्यात आत्याबाई ती टोपल्यानं परत वर नेऊन टाकायच्या. सासरे गेल्यापासून त्यांनी हे रान असंच धरून ठेवलं होतं. माझ्या डोक्यावर टोपलं कधी देत नसत. "तू सांडशीन," म्हणायच्या.

एकदा शेलूबाजारला जाताना मी एका उतारावर सीताफळाची झाडं पाहिली. मधे आडव्या ओळींत गवत होतं आणि खालच्या नाल्यात पाणी नितळ, म्हणजे माती जागेवरच राहत होती. घरी येऊन सांगितलं, आपणही असं करू.

"पेरा सोडून गवत लावाचं? लोक हासतीन," त्या म्हणाल्या.

माझं तोंड सुटलं. "आत्याबाई, तुमी माती नाई नेली वर, गुडघे नेले. माती तं दरसाली खालीच चालली."

त्या ताटावरून उठल्या. खोटं काही बोलले नव्हते, पण त्यांच्या जन्माच्या कष्टाला मी नावं ठेवली होती. वाईट वाटलं, पण माफी मागायला जीभ वळेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच बरडावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत दोरी टाकली. "हा अर्धा तुहा, हा माहा. माह्या अर्ध्याले हात लावाचा नाई."

मी खड्डे खोदले, रोपं लावली, उताराला आडवं गवत लावलं. तीन वर्षं नुसतं गवतच. शेळ्या खुशीत होत्या, आत्याबाई त्याहून. "काय वं, लागल्या का शेंगा तुह्या गवताले?" रोज विचारायच्या. मी दात खाऊन शेळ्यांसाठी गवत कापायचे.

चौथ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास फळं जवळच्या मालेगावच्या बाजारात विकायला गेली. बी-खताचा खर्च नव्हता, त्यामुळे त्यांच्या अर्ध्यापेक्षा माझ्या अर्ध्यात जास्त उरलं. त्यांनी एक सीताफळ खाल्लं आणि म्हणाल्या, "बियाच लय."

मग उन्हाळा आला. सवयीनं त्या टोपलं घेऊन नाल्याशी गेल्या. त्यांच्या बाजूच्या बांधाशी नेहमीसारखी माती साचली होती. माझ्या बाजूला आधीच्या वर्षांत थोडी तरी माती यायची, यंदा नुसता पाचोळा. त्या माझ्या बाजूला वाकून पायानं पाचोळा सारत राहिल्या, खाली माती आहे का बघत. नव्हती. आता काय बोलतील म्हणून मी धास्तावले होते. त्यांनी आपल्या बाजूची माती टोपल्यात भरली आणि वर चढू लागल्या. मी मागे गेले. दोरीशी त्या थांबल्या, मग वळून माझ्या अर्ध्यात आल्या आणि एका सीताफळाच्या बुडाशी टोपलं रिकामं केलं.

"इथं टाकली तं राहीन," म्हणाल्या. "पुढच्या साली माह्या अर्ध्यातबी लाव."

भांडण जिंकले होते, पण मला रडू आलं. मी टोपल्याला हात घातला. या वेळी त्यांनी ते सोडलं, आणि उरलेली माती त्या उन्हाळ्यात मी वाहिली.