टेकाडावरून आधी कोण उतरणार?

पूनम, जरा जवळ सरक. तू लातूरला क्लासच्या खोलीत बसलीस आणि मी इथं ओसरीवर लिहायला घेतलंय, तरी सरक. परवा फोनवर काय खिदळलीस गं! म्हणे, "आज्जी, समुद्रातल्या एका खडकापायी दोन देश तोफा काढून बसलेत. तिथं माणूस न्हाई, झाड न्हाई. येडेच हायत." परीक्षेत हा प्रश्न आला तर असंच लिहिणार का? हसू नये माय. चांगली शहाणीसुरती माणसं तशी येडी होताना मी बघितलीत. आपल्या घरातली बघितलीत.

त्या दिवशी आमच्या तलावातल्या टेकाडावर चार माणसं होती. पाणी चढत होतं. आणि चौघांतला एकही खाली उतरायला तयार नव्हता.

मी तेव्हा कारेवाडीची पोलीस पाटील होते. पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे बरं का. गावात काही बरंवाईट झालं की ठाण्याला पहिला फोन आपण करायचा. भांडण, चोरी, पूर, बेवारस प्रेत. हातात काठी नाही, अंगावर वर्दी नाही, पगाराच्या जागी मानधन. लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावी झाले होते, त्यावर हे काम मिळालं. बाकीचं करता करता शिकले.

तलावाच्या अलीकडं कारेवाडी, माझं सासर. पलीकडं जांभळी, माझं माहेर. मधे ते टेकाड. तलाव व्हायच्या आधी तिथं नुसता मुरूम आणि कुसळं. शेळीसुद्धा चढायची नाही. दोन्ही गावच्या शिवा तिथंच कुठंतरी भिडलेल्या, पण नक्की कुठं ते कुणी विचारलं नव्हतं. एकदा तिथं एक बेवारस प्रेत सापडलं. अशा वेळी पंचनामा करावा लागतो, म्हणजे जागेवर काय दिसलं ते गावच्या चार माणसांसमोर लिहून घ्यायचं. मी माणसं मागितली तर आमचे सरपंच गोविंदराव म्हणाले, "ते जांभळीच्या हद्दीत येतं, त्यांना बोलवा." जांभळीच्या नामदेवबाप्पांना फोन केला. तिथं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. ते म्हणाले, "पोरी, ते टेकाड तुझ्या सासरचं." दुपारभर ते प्रेत उन्हात पडलेलं, आणि दोन्ही गावं एकमेकांना टेकाड दान करून राहिलेली!

मग तलाव झाला. पहिल्या वर्षी निम्म्याच्या वर भरला, आजूबाजूचं सगळं बुडालं, आणि तेवढं टेकाड वर राहिलं. चारी बाजूंनी पाणी. एकदम दिसायला लागलं बघ.

त्यात कुणीतरी हूल उठवली. ज्याचं टेकाड, त्याच्याच गावाला तलावातल्या मासेमारीचा ठेका मिळणार. कोण म्हणे तिथं हॉटेल होणार, नांदेडहून लोक नावेत बसायला येणार. टेकाड एवढंसं, पण त्याच्या भोवतालचं पाणी केवढं! तुझ्या त्या समुद्रातल्या खडकाचंही निम्मं भांडण हेच असणार. खडक कुणाला पाहिजे असतो? त्याच्या नावावर भोवतालचा मासा आणि तळातलं तेल पाहिजे असतं.

आमच्या पोरांनी होडीनं जाऊन तिथं निशाण रोवलं. दुसऱ्या दिवशी जांभळीवाल्यांनी ते उपटून आपलं रोवलं. त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला. झालं. आता मासे राहिले बाजूला, इज्जत आली मधे. दोन्ही गावांनी टेकाडावर ताडपत्री टाकून पहारा बसवला. पंचायतीचं इलेक्शन पुढच्या वर्षी होतं. गोविंदराव रोज पारावर म्हणायचे, "जीव गेला तरी टेकाड सोडणार न्हाई." जीव त्यांचा नव्हताच तिथं. पहाऱ्यावर होता माझा पुतण्या दत्ता आणि त्याचा एक जोडीदार. जांभळीकडून माझा चुलतभाऊ किसन आणि त्याच्याबरोबरही एक जण.

मी ठाण्याला रिपोर्ट दिला. साहेब आले. शांतता समितीची बैठक झाली. दोन्हीकडचे पुढारी समोरासमोर बसले, चहा प्याले, उठून गेले. मोजणीवाल्यांनी सांगितलं, पाणी उतरल्याबिगर मोजणी होत नाही. पुढच्याच आठवड्यात काठावर दगडफेक झाली. जांभळीच्या एका माणसाचं डोकं फुटलं. त्या दिवसापासून दोन्ही काठांवर माणसं काठ्या घेऊन बसायला लागली. मला रात्री डोळ्याला डोळा लागेना. इकडून कुणी पडलं तर माझ्या सासरचं, तिकडून पडलं तर माझ्या माहेरचं. रडायचं मलाच.

अशात वर पाऊस लागला. लागला तो थांबेचना. दुपारी पाटबंधारे खात्याचा फोन आला, "पाटीलबाई, वरच्या धरणाचे दरवाजे उघडतोय. संध्याकाळपर्यंत तुमच्या तलावाचं पाणी भरपूर वाढंल. टेकाडावर कुणी असंल तर उतरवा, टेकाड राहात न्हाई."

आधी गोविंदरावांकडं गेले. ते काठावरच होते, गाव जमवून.

"सरपंच, दत्ताला बोलवून घ्या. पाणी येऊन राहिलंय."

"बोलवतो की. आधी त्यांचे दोघं उतरू द्या."

"अहो, पाण्याला कळतंय का तुमचं आधी-नंतर?"

"वहिनी, आमची माणसं उतरली आन् त्यांची वर राहिली, तर उद्या सगळा तालुका म्हणंल कारेवाडी पळाली. गावाला तोंड काय दाखवू?"

नामदेवबाप्पांना फोन लावला. त्यांचं अक्षर न् अक्षर तेच. "तुझ्या सासरच्यांना आधी उतरव पोरी, मग बघू." मी म्हटलं, चौघांनाही एकाच वेळी उतरवू. तर म्हणाले, "त्यांनी एखादा कुसळात लपवून ठिवला तर?" गोविंदरावांना हेच विचारलं, तर त्यांनाही तीच शंका! एवढं एकमत त्या दोघांचं कधी झालं नव्हतं.

ठाण्याला फोन केला. साहेब म्हणाले, "निघालोय बाई, पण ओढ्याला पाणी आलंय, गाडी निघंना. नांदेडहून बोट निघाली आहे. तोवर काढा कळ." कळ मी काढली असती. पाणी काढतंय का?

दत्ताला फोन केला. "काकू, खालची ताडपत्री वाहून गेली. आम्ही शेंड्यावर आलोत."

"अरे मग उतर ना बाबा!"

"कसा उतरू? किसनमामा उतरंना. सगळा गाव मोबाईल धरून बसलाय. होडी बोलावून मी तिच्यात पाय टाकला की व्हिडिओ निघंल."

"तिथं भांडण चालू हाय का तुमचं?"

"न्हाई. भाकरी खाऊन राहिलोत. ठेचा त्यांचाच हाय, लई जाळ."

माझी जाऊ, दत्ताची माय, माझा पदर धरून उभी होती. रडत नव्हती. एकच म्हणत होती, "बाई, तुम्ही पाटील हायत ना? तुम्ही पाटील हायत ना?" पूनम, ते बोलणं माझ्या काळजात अजून रुतलेलं आहे.

सगळ्यांना उतरायचं होतं गं. चौघांना, दोन्ही पुढाऱ्यांना, काठावरच्यांना सुद्धा. फक्त आधी कुणाला उतरायचं नव्हतं. मी विचार करायला लागले, माणूस मान खाली न घालता जागा सोडतो तरी कधी? आणि जावेनं धरलेल्या पदराकडं बघता बघता मला सुचलं. नागपंचमी दोनचार दिवसांवर आली होती.

पंचमीला लेक माहेरी जाते. एकटी जात नाही, भाऊ न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी बहिणीच्या सासरी येतो आणि परत जातो, तो काही पळून जात नाही. लांबची वाट असली तर सासरचंही कुणी पोचवायला सोबत जातं. तेही पळून जात नाही.

मी घरातून पिशवी आणली, त्यात एक लुगडं कोंबलं. गंगारामची पत्र्याची होडी होती, तो तलावात मासे धरायचा. त्याला म्हटलं, "चल."

"काकू, पाण्याला ओढ लई हाय. होडीत मला सोडून तिघं मावतील, चौथा न्हाई."

"तिघं पुरेत. चल."

पाणी मातकट झालेलं. काट्याकुट्यांच्या फांद्या येऊन होडीला थडकत होत्या. मला पोहता येत नाही. गंगारामनं ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब माझ्या गळ्यात घातली होती, आणि मी तिला मिठी मारून देवाची आठवतील तेवढी नावं घेत होते. टेकाड येईपर्यंत मागं बघितलं नाही.

वर गेले तर चौघं एकाच ताडपत्रीखाली दाटीनं बसलेले. किसन उठला. "आक्का! तुझं डोकं फिरलं का? ह्या पाण्यात?"

"मग काय करू? पंचमी आली, माहेरहून कुणी न्यायला येईना. म्हटलं भाऊ इथं निवांत बसलाय, आपणच जावं."

"ही काय थट्टेची येळ हाय?"

"थट्टा न्हाई. मला माहेरला ने. मी आत्ता निघणार. एकटी जाऊ का?"

तो हळूच म्हणाला, "पर टेकाड…"

"टेकाड कारेवाडीचं असंल, तर तू माझ्या सासरी मला न्यायला आलास. जांभळीचं असंल, तर दत्ता मला माहेरी पोचवायला आलाय. कुणाचं ते मी इचारलंय का? तुम्हीबी इचारू नका. उठा."

दत्ता म्हणाला, "काकू, म्हंजी मी बी जांभळीला येऊ? तिथं काठ्या घेऊन बसलेत की!"

"येशील. काकूला पाण्यात एकटी सोडशील का?"

पहिल्या खेपेला मी, किसन आणि दत्ता. मागं एक त्यांचा, एक आमचा. म्हणजे कुणाचंच टेकाड सुटलं नव्हतं. गंगाराम त्या दोघांना म्हणाला, "हात धरून बसा रं, मी आलोच." आणि खरंच, दोन बाप्ये लहान लेकरांसारखे एकमेकांचा हात धरून बसले.

होडी जांभळीच्या काठाकडं निघाली, तसा कारेवाडीच्या काठावरून गलका झाला. जांभळीच्या काठावर दत्ता दिसल्यावर काठ्या वर झाल्या. पाण्यातून वाचवून मी जावेचं लेकरू मारायला तर आणलं नाही ना? दत्ताचा चेहरा पांढराफटक. होडी चिखलाला लागली. कुणी पुढं येईना, कुणी मागं सरेना.

किसन आधी उतरला. माझी पिशवी त्यानं खांद्याला लावली आणि मोठ्यानं हाक दिली, "आगं, आक्काला आणलंय! पाणी आण पायावर! दाजींकडचा पोरगा आलाय पोचवायला!"

त्याची बायको गर्दीतच उभी होती. ती क्षणभर बघतच राहिली. मग शेजारणीच्या हातातला तांब्या ओढून घेतला, कुणाच्या तरी फडक्यातली भाकरी मोडली, आणि वाट काढत आली. माझ्या पायावर पाणी घातलं, दत्ताच्या पायावर घातलं. भाकरीचा तुकडा आम्हा दोघांवरून ओवाळून टाकला. आता त्या पोरावर काठी कोण उचलणार? दारात आलेला सोयरा झाला ना तो! नामदेवबाप्पांनी सगळ्यांकडं एकवार बघितलं आणि म्हणाले, "हाव, पंचमीच हाय की जवळ. बसायला घोंगडं टाका."

गंगाराम परत फिरला होता. तेवढी वाट बघणं सगळ्यात वाईट. दुरून टेकाडाची फक्त पाठ दिसत होती, मग तीही पाऊसधारेत दिसेना. किसनची बायको माझा हात दाबून धरत होती. होडी दिसली तेव्हा आधी डोकी मोजली. तीन होती. मी तिथंच चिखलात खाली बसले. अंधार पडायच्या आत टेकाड पाण्याखाली गेलं, निशाणंही गेली. नांदेडची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. साहेब माझ्यावर ओरडले, लाइफ जॅकेट नव्हतं म्हणून. बरोबरच होतं त्यांचं.

आता शेवट ऐक. उन्हाळ्यात पाणी उतरलं, मोजणी झाली. टेकाड तलावाच्या भूसंपादनात कधीच गेलेलं, दोन्ही गावांचं नव्हतंच, सरकारचं होतं. मासेमारीचा ठेका बाहेरच्याच लोकांना मिळाला. त्याचा टेकाडाशी काही संबंध नव्हता. तरी गोविंदराव इलेक्शनमधे म्हणत फिरले की पाटलीणबाईनं माहेराकडं बघून टेकाड घालवलं, आणि निवडून आले. माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. दगडफेकीची केस मुखेडच्या कोर्टात अजून चालू आहे. दोन्ही गावची माणसं तारखेला एकाच एसटीनं जातात.

तेव्हा उत्तर लिहिताना पाणी, मासा, तेल, नकाशा हे सगळं लिही. पण हेही लिही, की एकदा वर चढल्यावर आपल्याच माणसांच्या डोळ्यादेखत खाली उतरणं फार अवघड असतं, आणि उतरायला निमित्त देणारं कुणी दोन्हीकडचं असावं लागतं. असं माणूस दर वेळी सापडत नाही. आमच्यातही तासदोनतास उशीर झाला असता तर सापडून उपयोग नव्हता. ह्याला मार्क मिळतील का, मला माहीत नाही.

रविवारी क्लास नसतो ना तुझा? शनिवारी दुपारची गाडी धर, उशीर करू नकोस. दत्ताला स्टॅंडवर पाठवते. ये बाई, बघून लई दिवस झाले तुला.