चौसष्टातले सेहेचाळीस

जगात जे काही मोजून मिळतं ते थोडं कमीच मिळतं, यावर अढळ श्रद्धा असलेला आणि ती श्रद्धा रोजच्या रोज सिद्ध करून दाखवणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. मामाजी अकोल्यात वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली; पण निवृत्त झाले ते खात्यातून, वजनमापांतून नाही. त्यांच्या गल्लीत शिरणारा दूधवाला कोणी न सांगता आपलं माप उलटं करून, झटकून दाखवतो आणि मगच बरणीला हात लावतो. खोकल्याच्या औषधाची बाटली घरात आली की आधी ती काचेच्या नळीत ओतून मोजली जाते. तोपर्यंत खोकणाऱ्याने खोकत राहायचं. मी त्यांची मुलगी पाहायला गेलो तेव्हा चहा येण्याआधी टेप आली. माझ्या माहितीपत्रकात उंची पाच फूट सात इंच लिहिली होती. मामाजींनी मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि माझ्या वडिलांकडे वळून शांतपणे म्हणाले, "अर्धा इंच कमी हाये. पण पोरगा सरळ उभा राह्यला, टाचा उचलल्या नाई. मले पसंत हाये."

साखरपुड्याला आमच्या बाजूने पेढे गेले. मामाजींनी सगळे पेढे ताटात काढले, रिकामा डबा आतल्या खोलीतल्या तराजूवर ठेवला आणि भर पाहुण्यांत त्याचं वजन जाहीर केलं. मिठाई डब्यासकट तोलणे हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा. उभी नोकरी त्यांनी या डब्यांशी भांडण्यात घालवली. बरं, हा माणूस फक्त कमी मिळाल्यावरच चिडतो असं समजू नका. एकदा आमच्याकडे अमरावतीला आले असताना मी त्यांना वलगावच्या बाजारात नेलं. तिथे एका म्हातारीच्या तराजूत दर किलोमागे पन्नास ग्रॅम जास्तच जात होते. मामाजी तिच्यावरही तितकेच तापले. "मावशी, जास्त देनं बी माप चुकवनंच हाये!" असं म्हणून ते तिथेच बसले आणि अर्धा तास खटपट करून त्यांनी तिचा तराजू बरोबर करून दिला. म्हातारीने त्यांना वांगी बांधून दिली. ती त्यांनी तोलून घेतली आणि तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले.

अशा माणसाला टॅब्लेट घेऊन देण्याचा सल्ला मी दिला, ही माझी चूक. पण तेव्हा दुसरं काही सुचतही नव्हतं. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहील असं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत्याबाईंचा आवाज हे काही साधं प्रकरण नाही. हिवरखेडला त्यांच्या वडिलांचा जलसा, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, होता. चळवळीची गाणी म्हणत तो बैलगाडीने गावोगाव फिरायचा. ती गाणी कुठे लिहिलेली नाहीत, छापलेली नाहीत. वडील गेले, साथीदार गेले, आणि सगळा जलसा एकट्या आत्याबाईंच्या गळ्यात उरला. मामाजींनी वहीत यादी केली. गाणी भरली एकशे सत्तावीस. ऑपरेशनला साडेतीन आठवडे होते, आणि रोज सात-आठ गाणी म्हणायला डॉक्टरांची हरकत नव्हती.

"नुसता आवाज नको," मामाजींनी मला बजावलं. "तिची खंजिरी कशी चालते थे बी दिसलं पाह्यजे. चांगल्यातला चांगला व्हिडिओ पाह्यजे."

माझ्या फोनवर एक गाणं घेऊन पाहिलं. त्याने साधारण अर्धा जीबी खाल्ला. एकशे सत्तावीस गाण्यांचे झाले साडेत्रेसष्ट. मी म्हटलं, चौसष्ट जीबीचा टॅब्लेट घ्या, बरोबर बसेल. मामाजी हिशोबावर खूश झाले. बसस्टँडजवळच्या शब्बीरभाईंच्या दुकानातून टॅब्लेट आला, आणि घरी येताच त्यांनी तो उघडून जागा पाहिली. रिकामी जागा होती सेहेचाळीस.

रात्री मामाजींचा फोन आला, आणि मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अकोला गाठलं. मामाजी रात्रभर गाण्यांच्या यादीवर बसले होते. सेहेचाळीसमध्ये ब्याण्णव गाणी बसत होती. पस्तीस गाळायची होती. यादीसमोर बारीक पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या, खोडलेल्या होत्या, पुन्हा केलेल्या होत्या. "हे गाळू का थे गाळू?" ते म्हणाले. "सगयी तिच्या बापाची हायेत." या माणसाचा आवाज कापताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी घाईघाईने म्हटलं की व्हिडिओ इंटरनेटवर ठेवता येतील. "दुसऱ्याच्या गोदामात? नाई," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. दार ओलांडेपर्यंत ते पुन्हा निरीक्षक झाले होते.

शब्बीरभाई भला माणूस. त्यांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. "काका, सिस्टीम बी तर राह्यते ना अंदर. मशीन चालाले जागा लागते."

"म्हंजे डबा तोलला पेढ्यासंगं!" मामाजी कडाडले. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"असं काही नाही काका. कार्ड टाकून देतो ना, जागाच जागा होऊन जाते."

"वरून मूठभर टाकलं म्हनून माप पुरं होत नसते. आधी सांगा, अठरा जीबी गेले कुठं?"

शब्बीरभाईंनी तरीही एक चौसष्टचं कार्ड काढून टॅब्लेटमध्ये घातलं आणि जागा दाखवली. एकोणसाठ पूर्णांक सहा. आता मात्र शब्बीरभाईही चक्रावले. "अरे, इसमें तो सिस्टीम भी नहीं है, काका!"

मामाजींच्या डोळ्यांत जे चमकलं ते पाहायला तुम्ही तिथे हवे होतात. ते पुढे झुकले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "भाई, तुमच्यात किलो कितीचा?"

"एक हजार चोवीसचा. एक हजार चोवीस केबी, एक एमबी. सगळं तसंच."

"मशीन असं मोजते. अन् डब्यावर लिवनारा?"

 शब्बीरभाईंनी कार्डाचं वेष्टन उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरं वाचली. "हजारचा लिखा है, काका."

मामाजींनी पेन्सिल मागितली. बिलाच्या पाठीवर त्यांनी चौसष्टवर नऊ शून्यं दिली आणि एक हजार चोवीसने भागायला बसले. एकदा भागलं. दुसऱ्यांदा भागलं. कोणीतरी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुढे केला तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. गिऱ्हाइकं काउंटरभोवती दाटली. तिसऱ्यांदा भागून झालं, आणि मामाजींनी पेन्सिल टेबलावर आपटली. एकोणसाठ पूर्णांक सहा! दुकानात टाळ्या पडल्या हो, खरोखरच्या टाळ्या. मीही वाजवल्या.

"मापं दोन हायेत!" मामाजी उभे राहिले. "लिवाचं माप लहान, मोजाचं माप मोठं. त्याच्यात साडेचार गेले. बाकी साडेतेरा डब्याचं वजन. चोरी कोनाचीच नाई, भाई, तुमची बी नाई. पन गिऱ्हाइकाले हे लिवून सांगावं लागते."

तिथल्या तिथे त्यांनी रीतसर पंचनामा लिहिला. मी पंच क्रमांक एक, चार्जर घ्यायला आलेल्या एक बाई पंच क्रमांक दोन. शब्बीरभाईंनी तो वाचला आणि संध्याकाळच्या आत काउंटरवर पाटी लावली: डब्यावर ६४, मशीनच्या मापाने ५९.६, सिस्टीम १३.६, आपल्या हाती ४६. पाटी पाहायला दुसऱ्या दुकानांतली माणसं येऊन गेली. शब्बीरभाई सांगतात, या पाटीपासून वाद घालायला कोणी येत नाही, उलट विश्वासाने येतात. आता शंभर टक्के खरं माप कळलं आहे म्हटल्यावर मामाजींनी कार्डही घेतलं. सेहेचाळीस आणि एकोणसाठ, एकूण एकशे पाच. एकही गाणं गाळायचं नव्हतं.

मग अठरा दिवस त्या घरात जलसा चालला. आत्याबाई खंजिरी घेऊन पाटावर बसत आणि मामाजी टॅब्लेट धरून समोर. एकदा मध्येच त्यांनी टॅब्लेट तराजूवर ठेवला, पन्नास गाणी भरल्यावर वजन किती वाढलं ते पाहायला. वाढलं नव्हतं. "मालाले वजन नाई," असं त्यांनी मला फोनवर आदराने कळवलं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी एकशे सत्ताविसावं गाणं पुरं झालं.

ऑपरेशन नीट झालं. आत्याबाईंचा आवाज परत आला. पण जाडा आणि बसका. वरच्या पट्टीची गाणी आता त्यांना म्हणता येत नाहीत. दर रविवारी बुद्धविहारातल्या बायका घरी येतात, टॅब्लेट मधोमध ठेवतात आणि आत्याबाईंच्याच जुन्या आवाजावरून गाणी शिकतात. आत्याबाई खंजिरी धरतात आणि चुकलं की हातानेच थांबवतात. साठ गाणी बसली आहेत. ज्या दिवशी वीस बायकांनी मिळून हिवरखेडच्या जलशाचं पहिलं गाणं सुरात म्हटलं, त्या दिवशी मामाजी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, आवाज कुठवर येतो ते पावलांनी मोजायला. आले ते डोळे पुसतच.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो होतो. दुपारी बायका निघून गेल्यावर मामाजी टॅब्लेट घेऊन अंगणात बसले. मला वाटलं, गाणं लावतील. पण टॅब्लेटमधून आत्याबाईंचा जुना, खणखणीत आवाज आला तो रागावलेला: "अवो, डाय जयून राह्यली गॅसवर! ठेवा थे खेळनं खाली. काय दिवसभर माह्या तोंडापुढं धरून बसता? मी काय आता पयून चालली काय?" मामाजी गालातल्या गालात हसत होते. उरलेल्या जागेत, त्या शेवटच्या तीन दिवसांत, त्यांनी हेच भरून ठेवलं होतं: भाजीवाल्याशी घासाघीस, मुलीशी फोनवरच्या गप्पा, जेवायला बोलावणं, आणि हे रागावणं.

"गानी लोकाईसाठी हायेत, जवाईबापू," ते म्हणाले. "हे माह्यासाठी."

आतून आत्याबाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "बंद करा थे." त्यांनी बंद केलं नाही.

मी उगाच विचारलं, "किती जागा उरली आता, मामाजी?"

"मोजली नाई," ते म्हणाले, आणि तो व्हिडिओ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावला.